हत्यारांची पेटी

आमच्या घरात यादी करायचं काम माझ्याकडे असतं. लग्नाचं सामान असो, ईदचा बाजार असो की हजला निघालेल्या मामूंची बॅग असो, कागद-पेन घेऊन बसायचं ते मीच. शाळेत शिकवण्यात उमर गेल्यामुळं अक्षर बरं आहे आणि रकाने आखायची सवय आहे. पण आजवर केलेल्या याद्यांपैकी जी मनात राहून गेली, ती लग्नाची नाही आणि हजचीही नाही. ती एका जुन्या मारुती एस्टीम गाडीच्या सुट्या भागांची आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये माझा धाकटा भाऊ आणि त्याचा सांगलीचा दोस्त ती गाडी घेऊन चेन्नईजवळच्या ट्रॅकवर हौशी चालकांच्या शर्यतीसाठी निघाले होते. गाडी दोस्ताची, चालवणार तोच. भाऊ मिस्त्री.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. म्हणायला दोन जिल्हे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. पण लोखंडाच्या कामाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात १९२२ पासून कूपरांचा कारखाना. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर साताऱ्यातच तयार व्हायची. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत कुणी मोल्डर, कुणी टर्नर, कुणी वेल्डर होता. अब्बा आधी एका फौंड्रीत होते. नंतर त्यांनी शहराच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून गॅरेज काढलं. भाऊ त्याच शेडमध्ये वाढला.

त्याचा दोस्त हळदीच्या अडत्याचा मुलगा. दोघे डिप्लोमाला एकत्र होते. शर्यतीचं वेड त्या पोराचं, पण वेड लागायला साथीदार लागतो. फेब्रुवारी-मार्चपासून ती एस्टीम आमच्या शेडमध्ये उघडून पडली होती. आतल्या गाद्या निघाल्या, छताचं कापड निघालं, मागची सीट निघाली. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसला. गाडी उलटली तर छत चालकाच्या डोक्यावर येऊ नये, म्हणून तो पिंजरा. अम्मीनं तो पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी ती काही बोलली नाही, नुसती आत निघून गेली.

मोटारींची शर्यत म्हणजे राजे-रजवाड्यांचा आणि कारखानदारांचा शौक, असं आपल्याकडं समजलं जातं. ते अगदी खोटंही नाही. पण या खेळाला हौशी माणसांचा मोठा इतिहास आहे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथं वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या. पुढं १९९० साली याच क्लबनं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७१७ किलोमीटरचा पक्का ट्रॅक बांधला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून स्वस्तातल्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. मध्यमवर्गीय पोरांना दार उघडलं ते अशा गाड्यांनी. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइमतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे. चेन्नईचे अकबर इब्राहिम शर्यती जिंकून थांबले नाहीत, त्यांनी नव्या पोरांना शिकवलं आणि देशाच्या मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचे अध्यक्षही झाले. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा भावानं त्याचा फोटो वर्तमानपत्रातून कापून पाना टांगायच्या फळीवर चिकटवला होता. त्यावर ऑइलची बोटं उमटली, तरी फोटो तिथंच राहिला.

आणखी एक गोष्ट भावाला फार आवडायची. आमच्या गॅरेजसमोरून जाणारी वाट ज्या पुणे-बंगळूर महामार्गाला मिळते, तोच रस्ता पुढं बंगळूरवरून चेन्नईला जातो, आणि तो ट्रॅक त्याच रस्त्याला लागून आहे. तेव्हा त्याला चार नंबरचा हायवे म्हणायचे, आता अठ्ठेचाळीस म्हणतात. "आपा, एकदाच वळायचं, बाकी सरळ," असं तो म्हणायचा. सरळ म्हणजे सुमारे एक हजार किलोमीटर.

अब्बांचा विरोध होता. घोड्यांच्या शर्यती रसूलुल्लाहंच्या काळात मदिन्यात होत असत, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा सवाल वेगळा होता. "पैसा लगातें क्या उस पे?" पैज नाही, नुसती प्रवेश फी भरायची, असं कळल्यावर ते गप्प झाले. पण गप्प होणं म्हणजे राजी होणं नव्हे. आठ-पंधरा दिवस ते शेडच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत आणि बघत. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. पाना धरवत नव्हता, पण नजर शाबूत होती.

सामान भरायची वेळ आली तेव्हा मी चार दिवसांसाठी माहेरी गेले होते. भावानं माझ्यापुढं वही टाकली. "आपा, लिही." मी विचारलं, किती सामान? तो म्हणाला, "जागेवर आहे." टेंपो चौदा फुटी. एस्टीमची लांबी चार मीटरच्या वर, म्हणजे पुढंमागं वीतभर जागा. दोन्ही बाजूंना फूट-फूटभर पट्टी. त्यात जास्तीची चाकं उभी राहणार. बाकी सगळं गाडीच्या पोटात आणि केबिनमध्ये. तिघं माणसं आणि ड्रायव्हर.

त्या दोन दिवसांत मला कळलं की सुटे भाग बरोबर घेणं हे एक प्रकारचं भविष्य सांगणं आहे. काय मोडेल, कधी मोडेल, मोडलं तर किती वेळात बदलता येईल आणि ते तिथं मिळेल का, हे चार प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारायचे. भावानं त्याप्रमाणं तीन ढीग केले. पहिल्या ढिगात किरकोळ, पण गाडी जागेवर थांबवणाऱ्या वस्तू. चार स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, फ्यूज, रिले, फॅनबेल्ट, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोल फिल्टर. ही सगळी शिरखुर्म्याच्या एका पातेल्यात मावतील एवढीच. दुसऱ्या ढिगात झिजणाऱ्या वस्तू. ब्रेकचे पॅड, मागचे लायनर, टायर, ऑइल, कूलंट. या मोडत नाहीत, संपतात. शर्यतीत घाटापेक्षाही लवकर संपतात. तिसऱ्या ढिगात जड आणि महाग. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ड्राइव्ह शाफ्ट, हेड गॅस्केट, वॉटर पंप, टायरॉडचे एंड. याच ढिगावर भांडण व्हायचं असतं, कारण यातली निम्मी वस्तू न वापरता परत येते.

हे झाले सुटे भाग. मग हत्यारं. आपल्या मराठीची गंमत बघा, पाना-पक्कड, हातोडी-छिन्नीलाही कारागीर हत्यारंच म्हणतो आणि तलवार-भाल्यालाही हत्यारच. माझ्या आईचं माहेर मिरजेचं, शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, पाणी देणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मिरजेतल्या फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि पुढं सतारमेकर हेच त्यांचं आडनाव झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा मला आईच्या वडिलांची कानस आठवली. एका हत्याराचं काम संपलं तर त्याच हातांनी दुसरं हत्यार उचलायचं, हा हुनर आमच्या माणसांनी कुठल्या शाळेत शिकला नाही. आमच्या गॅरेजमध्ये दसऱ्याला कामावरची पोरं पान्यांना झेंडूचं फूल लावायची. अब्बा त्या दिवशी पेढे आणायचे आणि काम बंद ठेवायचे. "एक दिन लोहे कू भी छुट्टी," असं म्हणायचे.

अब्बांची स्वतःची एक लोखंडी पेटी होती. उघडली की तिचे कप्पे पायऱ्यांसारखे दोन्ही बाजूंना फाकायचे. भाऊ ती पेटीच न्यायची म्हणून हटून बसला. अब्बांनी मान हलवली. त्या पेटीतले बरेच पाने इंचातले. अर्धा इंच, नऊ-सोळांश, सात-सोळांश. ॲम्बॅसडर आणि जीपच्या जमान्यातले. मारुतीला लागतात जपानी मापाचे मिलिमीटरचे दहा, बारा, चौदा, सतरा. इंचातला पाना मिलिमीटरच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात, मग तो कुठल्याच पान्याला दाद देत नाही. अब्बांनी थरथरत्या हातांनी पेटी रिकामी केली. इंचातले पाने एका पोत्यात बांधले. पेटीत भावाचे पाने, सॉकेटचा संच, टॉर्क रेंच, फिलर गेज, हवा मोजायचं गेज असं सगळं रचलं. आपल्या जुन्या सामानातल्या तीनच वस्तू त्यांनी परत आत ठेवल्या. बाभळीच्या दांड्याचा हातोडा, पितळी ठोकळा आणि बांधायच्या तारेचं वेटोळं. "तार मिस्त्री की इज्जत है," ते म्हणाले. जे आवळता येत नाही, जोडता येत नाही, ते निदान बांधता येतं.

पेटीत काय कुठं ठेवायचं याचीही एक रीत असते. वरच्या कप्प्यात ते, जे घाईत लागतं. प्रत्येक पाना आपल्या जागेवर, म्हणजे काम संपल्यावर जागा रिकामी दिसली की समजतं, पाना गाडीत राहिला. इंजिनाच्या खोबणीत विसरलेला एक पाना बेल्टमध्ये पडला तर इंजिनाचं काय होईल, हे सांगायला नको. टॉर्क रेंच जुन्या गोधडीत गुंडाळला, स्प्रिंग सैल करून. जॅक आणि चार स्टँड तळाला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हा अब्बांचा कायदा होता, आणि शेडमध्ये तो कुणीच मोडला नव्हता. नायलॉनची दोरीही यादीत होती. मला वाटलं, कपडे वाळत घालायला. भाऊ हसला. चाकं एका रेषेत आहेत का ते बघायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पट्टीनं अंतर मोजतात. ट्रॅकवर मशीन नसतं, दोरी असते.

ब्रेक ऑइलपाशी अब्बा खुर्चीतून उठले. भावानं अर्धा वापरलेला डबा ढिगात ठेवला होता. अब्बांनी तो बाहेर काढून ठेवला आणि सीलबंद डबे आणायला लावले. मी कारण विचारलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट फोर जातीचं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यानं ओल धरली की हीच हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. शर्यतीत प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबायचा, डिस्क तापून लाल होते, ओलसर ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळापर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. अब्बांनी हे सगळं शास्त्र सांगितलं नाही, ते भावानं सांगितलं. अब्बा एवढंच म्हणाले, "गाडी बंद पडी तो चलता. रुकी नै तो क्या करते?"

त्या वाक्यानंतर शेडमधलं वातावरण बदललं. तोवर ते पोरांचं खेळणं होतं. आता सगळ्यांना दिसलं की त्या पिंजऱ्यात एक माणूस बसणार आहे.

खरा वाद झाला तो नकलवरून. पुढचं चाक ज्या लोखंडी तुकड्यात फिरतं त्याला मिस्त्री नकल म्हणतात. त्यात बेअरिंग दाबून बसवलेलं असतं आणि ते बसवायला प्रेस लागतो. ट्रॅकवर प्रेस कुठून आणणार? म्हणून भावाला नुसतं बेअरिंग नको होतं. भंगारातून आणलेल्या नकलमध्ये नवं बेअरिंग दाबून, हबसकट तयार ठेवायचं. बेअरिंग गेलं तर सगळा तुकडाच बदलायचा. दोस्त म्हणाला, एवढं वजन कशाला, बेअरिंग नवीनच तर टाकलंय. त्याचंही बरोबर होतं, खर्च त्याच्या खिशातून होत होता. दोघांनी अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी विचारलं, "डावा की उजवा?" दोघेही गप्प. दोन्ही बाजूंचे नकल वेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. थोड्या वेळानं भाऊ म्हणाला, "दोन्ही." मी लिहिलं : नकल, बेअरिंगसह, डावा १, उजवा १. त्यासाठी दुसरा जॅक आणि पाण्याचा एक कॅन यादीतून कमी झाला.

अम्मी हे सगळं दारातून बघत होती. "इतना लोहा लेके जारै, रोटी का डब्बा कां रखना?" भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कंदी पेढे असा डबा शेवटी केबिनमध्ये गेला. निघताना तिनं भावाच्या दंडाला इमाम जामिन बांधला, आणि मग दोस्ताच्याही. तो हसत हात पुढं करून उभा राहिला.

टेंपो आधी सांगलीला आला, कारण जास्तीची चाकं आणि हेल्मेट तिथं होतं. दोस्ताची आई दारात आली. हातात भडंगाची मोठी पिशवी. तिनं मुलाला काही विचारलं नाही. माझ्या भावाकडं बघून म्हणाली, "गाडी तूच बघणार ना रे?" भाऊ म्हणाला, "हो काकू." "सगळं घेतलंय ना?" त्यानं खिशातून माझी यादी काढून तिच्या हातात दिली. त्या माउलीला टायरॉड काय आणि नकल काय, पण तिनं चष्मा लावून दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली. ट्रॅकवर गेल्यावर चालकाला एका कागदावर सही करावी लागते, की जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. मिस्त्रीला असा कागद नसतो. त्याची सही मला वाटतं त्या दारातच झाली. मग टेंपो आष्ट्यावरून पेठ नाक्याला आणि तिथून हायवेला लागला.

शुक्रवारी रात्री भावाचा फोन आला. तिकडं पाऊस होता. आपला पावसाळा सरतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. शनिवारच्या सरावात गाडी ठीक चालली. दुपारी शेजारच्या पिटमधले दोघे आले. त्यांचीही एस्टीम, त्याच वर्गात, कोइमतूरकडची पोरं. डाव्या चाकाचं बेअरिंग ओरडत होतं. त्यांच्याकडं बेअरिंग होतं, प्रेस नव्हता. रविवारी सकाळी शर्यत.

भावानं मला फोन केला तो सल्ला विचारायला नव्हे. त्याला नुसतं कुणाला तरी सांगायचं होतं. नकल द्यायचा म्हणजे आपली डावी बाजू उघडी. आणि द्यायचा कुणाला, तर उद्या आपल्यापुढं पळणाऱ्याला. मी विचारलं, दोस्त काय म्हणतो? भाऊ म्हणाला, "तो म्हणतो, नकल तू आणलास, तूच ठरव." मग थोडा थांबून म्हणाला, "आपा, ते बेअरिंग घेऊन ती पोरं उद्या ट्रॅकवर जाणार. जाणारच. एवढ्या लांबून आलेला कुणी परत जात नाही." एवढ्यावर फोन ठेवला. त्या रात्री त्यानं नकल नुसता दिला नाही, टॉर्चच्या उजेडात त्यांच्या गाडीला बसवून दिला. दोरी ताणून चाक रेषेत आणलं.

शर्यतीत चौदा गाड्या होत्या. आमची नववी आली. ती कोइमतूरची सहावी. आमचं डावं बेअरिंग शेवटपर्यंत मुकाट राहिलं. मोडली ती एकच वस्तू, सायलेन्सरचा हँगर. सराव संपताना तो तुटला आणि अब्बांच्या तारेनं बांधला. त्याच तारेवर गाडीनं शर्यत पुरी केली. परत आल्यावर अम्मीनं दोघांना नखशिखांत निरखलं आणि मगच चहा ठेवला. यादी माझ्याकडं आली ती ऑइलनं माखलेली, प्रत्येक वस्तूपुढं खूण केलेली. डाव्या नकलपुढं भावानं लिहिलं होतं, 'दिला'.

अब्बांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. नववा नंबर ऐकून काही बोलले नाहीत. नकलचं ऐकल्यावर म्हणाले, "परत येगा क्या?" भावाला खात्री नव्हती. तीन आठवड्यांनी ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसातून चिठ्ठी आली. खोक्यात नकल होता, ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. बरोबर केळ्याच्या वेफर्सचा एक डबा. अब्बांनी बेअरिंग हातावर फिरवून पाहिलं, कानाशी नेलं. "सामान ठीक भरे थे तुम," एवढंच म्हणाले. भावाला त्यांच्या तोंडून मिळालेली शाबासकी तेवढीच. २०१६ साली अब्बा गेले.

ते दोघे पुढं आणखी तीन वर्षं जात राहिले. मग दोस्ताचं लग्न झालं, अडतीचा धंदा त्याच्यावर आला, पिंजरा उतरवला गेला. एस्टीमचं उत्पादन तर २००७ सालीच थांबलं होतं, आता तिचे भागही मिळेनासे झालेत. भावाच्या शेडमध्ये आता कॉम्प्युटर लावून गाडीचा आजार शोधतात. तरी कोपऱ्यातल्या मांडणीवर दोन नकल ठेवलेले आहेत, डावा आणि उजवा. नवी पोरं ते भंगारात घालूया म्हणतात. भाऊ नको म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. गेल्या महिन्यात पुण्याकडचा एक मुलगा शोधत शोधत त्याच्याकडं आला. त्यानं जुनी एस्टीम घेतलीय, शर्यतीसाठी तयार करतोय. भावानं त्याला चहा पाजला, आणि मांडणीकडं बोट करून विचारलं, "डावा पाहिजे की उजवा?"